अक्काच्या अंगातल्या माझ्या पेशी

माझ्या थोरल्या बहिणीच्या अंगात आता माझं रक्त वाहतं. हे मी मायेने वगैरे म्हणत नाही, शब्दशः तसंच आहे. तिचा रक्तगट पूर्वी बी होता, माझा ओ. आता तिचाही ओ आहे. आमच्या भागातल्या लॅबमधली मुलगी जुनी फाईल बघून गोंधळली, "काहीतरी चुकलंय मावशी" म्हणत तिने पुन्हा सुई टोचली. अक्का माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "काही चुकलेलं नाही गं. हे याचं उष्टं आहे."

मुलगी हसली, मीही हसलो. पण तेव्हापासून मला एका जागी धड बसता येत नाही. जेवताना मधेच उठतो. खाली कारखान्यात जातो, माग बघतो, परत वर येतो. बायको म्हणते, तुमच्या पायाला चाक लागलंय. खरं कारण मी तिलाही नीट सांगितलेलं नाही. माझ्या शरीरातून निघून अक्काच्या शरीरात गेलेल्या काही पेशी तिथे काय करत असतील, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. घरातला मुलगा परगावी नोकरीला पाठवावा आणि तिथून त्याच्याविषयी भलतंसलतं ऐकू यावं, तसं हे आहे.

आम्ही सोलापुरातल्या पूर्व भागातले. खाली टॉवेलचे माग, वर घर. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. अक्का महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायची. भावजी गेल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली, आणि आल्या दिवसापासून मला "तम्मुडू", म्हणजे धाकट्या, अशी हाक मारून कामाला लावू लागली. माझे केस पांढरे झाले तरी तिची हाक तीच.

मग तिला रक्ताचा कर्करोग निघाला. औषधं झाली, केस गेले, रोग दबला. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, हा परत येईल. मुळापासून बदलायचं असेल तर कुणाच्या तरी मज्जेतल्या पेशी हव्यात. सख्खा भाऊ म्हणून माझी तपासणी केली आणि मी जुळलो.

कबूल करतो, त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. गल्लीत, सुताच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत मी ते सांगत सुटलो. काही दिवस इंजेक्शनं घेतली, हाडं ठणकली. मग एका हातातून रक्त काढून यंत्रात फिरवलं आणि दुसऱ्या हातातून परत आत सोडलं. शेवटी एका छोट्या पिशवीत फिकट लाल पाणी जमलं. माझं सगळं मोठेपण त्या पिशवीत होतं. अक्काच्या खोलीत ती टांगली तेव्हा ती काचेपलीकडून फोनवर म्हणाली, "तम्मुडू, टोमॅटोच्या साराचा वास येतोय रे. तू आतून असला आहेस होय?"

पुण्यात काही महिने काढून आम्ही सोलापूरला परतलो. निघताना तिथल्या नर्सने मला बाजूला घेऊन बजावलं होतं. अंगावर पुरळ दिसलं किंवा पोट बिघडलं, तर विचार करत बसू नका, लगेच फोन करा.

पुरळ आलं. आधी तळहात आणि तळपाय लाल झाले, मग कानामागे, मग मानेवर. अम्मा, म्हणजे आमची आई, अक्काकडे एकदा नीट बघून घरात गेली. बाहेर आली ती कडुलिंबाची डहाळी घेऊनच. दारावर ती टांगली आणि म्हणाली, "अम्मवारू आली."

अम्मवारू म्हणजे देवी. आमच्या माणसांत अंगावर पुरळ उठलं की तो आजार नसतो, तो घरी आलेला पाहुणा असतो. पाहुणीला राग येईल असं काही करायचं नाही. औषध द्यायचं नाही, फोडणी द्यायची नाही, बाहेरच्याला आत घ्यायचं नाही, पुरळ आलेल्याने उंबरा ओलांडायचा नाही. तिला गार गार ठेवायचं आणि ती जायला निघाली की दहीभात दाखवून मानाने निरोप द्यायचा. अम्माने माझ्या गोवराला हेच केलं होतं, अक्काच्या कांजिण्यांनाही हेच.

मी शिकलेला माणूस. नर्सचे शब्द माझ्या कानात होते. तरी मी अम्माला म्हणालो, "असेल." आणि फोन केला नाही.

अम्मावर श्रद्धा म्हणून मी गप्प बसलो, असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. पुण्यात डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की तुमच्या पेशी बहिणीच्या अंगावर उलटू शकतात. ते पुरळ अम्मवारूचं असेल तर ते माझं नव्हतं. मला देवी हवी होती, कारण देवी आली की मी सुटत होतो. दोन-तीन दिवस मी त्या कडुलिंबाखालून ये-जा केली आणि प्रत्येक वेळी डहाळीला हात लावला. मग अक्काला जुलाब सुरू झाले. पाण्यासारखे, थांबेचनात. संडासाच्या दाराला धरून ती उभी होती आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "पुण्याच्या गोळ्या मी घेतेय हां, उशीखाली ठेवून. अम्माला सांगू नकोस. पण आता गाडी काढ."

मी गाडी काढली आणि आम्ही पुण्याला निघालो.

पुण्याच्या डॉक्टरांनी उशीर का झाला हे एकदाच विचारलं आणि माझं उत्तर ऐकून अक्काला तपासायला वळले. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीबाहेर येरझाऱ्या घालत होतो, तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं. कदाचित माझ्या चपलांच्या आवाजाने वैतागून असेल. "बसा," ते म्हणाले. "तुमच्या पेशी नेमकं काय करतायत ते ऐकून घ्या. न कळलेल्या गोष्टीची भीती जास्त असते."

कळल्यावर माझी भीती वाढली. पण जे कळलं ते मला आजही पाठ आहे, आणि मी ते माझ्याच कामाच्या भाषेत समजून घेतलं आहे.

आमच्याकडे मागावरून उतरलेला टॉवेल चेकिंगच्या टेबलावर जातो. तिथली बाई एकेक टॉवेल हाताखालून सरकवते. डोळ्यांपेक्षा बोटांनी बघते. रक्तात अशाच पेशी फिरत असतात. डॉक्टरांनी त्यांना मारेकरी टी पेशी म्हटलं. शरीरातली प्रत्येक पेशी आत काय काय तयार होतंय त्याचे बारीक तुकडे आपल्या अंगावर बाहेर टांगून ठेवते, दुकानदार दारात नमुने लावतो तसे. मारेकरी पेशी येते, चाचपते, नमुने ओळखीचे असले तर पुढे जाते. एखाद्या पेशीत विषाणू शिरला असेल किंवा ती बिघडून कर्करोगाची झाली असेल, तर नमुन्यात काहीतरी परकं दिसतं. मग ही थांबते आणि तिला चिकटते. दोघींच्या मध्ये शिवण घालावी तशी घट्ट जागा तयार होते. आपल्या पोटातला विषारी दाण्यांचा साठा ती त्या बाजूला आणते आणि फक्त त्या शिवणीत ओतते. एक द्रव्य समोरच्या पेशीला बारीक भोकं पाडतं, दुसरं त्या भोकांतून आत जातं आणि आत जाऊन सांगतं, तू आता मर.

"आणि ती मरते?" मी विचारलं.

"स्वतःच मरते. फुटत नाही. स्वतःला आवरते, तिच्या बारीक पुड्या होतात, दुसऱ्या पेशी येऊन त्या उचलून नेतात. शेजारच्या चांगल्या पेशीला सहसा कळतही नाही. आणि मारणारी सुटते, पुढच्या पेशीकडे जाते."

मला तो नेटकेपणा सहन झाला नाही. राग, आरडाओरड असं काहीतरी असतं तर बरं वाटलं असतं.

"मग ती आमच्या अक्काला का मारतेय? ती परकी आहे होय?"

डॉक्टर म्हणाले, या पेशी मोकाट नसतात. लहानपणी, छातीच्या हाडामागे, त्यांची शाळा भरते. स्वतःच्याच शरीरावर धावून जाणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच संपवल्या जातात. जी शाळेतून बाहेर पडते तिलाही नुसतं परकं दिसून चालत नाही. पहिल्यांदा कामाला लागताना दुसऱ्या एखाद्या पेशीने "होय, इथे धोका आहे" अशी मान हलवावी लागते. तशी मान हलली नाही तर परकं दिसूनही ती सुन्न होऊन पडते. काम सुरू झाल्यावर तिच्या अंगावर ब्रेक उगवतात. त्यांना शांत करणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. काम संपलं की मारेकरी पेशींतल्या बहुतेक मरून जातात, थोड्याच आठवण ठेवून राहतात.

माझ्या मागावर प्रत्येक उभ्या धाग्याला पत्र्याची एक बारीक पट्टी लटकलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. तसं नसतं तर एका तुटक्या धाग्याने अख्खा तागा वाया गेला असता. मी डॉक्टरांना विचारलं, "मग थांबवणारी पट्टी अक्काच्या अंगात का पडत नाही?"

"तुमच्या पेशी तुमच्या छातीत शिकल्या," ते म्हणाले. "तुमचं घर ओळखायला शिकल्या. बहीण-भाऊ जुळलात तरी सगळे नमुने सारखे नसतात. बारीक फरक राहतात. त्यात आम्ही आधी दिलेल्या कडक औषधांनी तिची आतडी आणि कातडी जखमी झालेली. जखमी पेशी धोक्याची हाक देतात. तुमच्या पेशींना परकं दिसलं आणि वर हाकही मिळाली."

म्हणजे जखमी अक्का मदतीसाठी ओरडत होती, आणि माझ्या पेशी धावत जाऊन तिलाच मारत होत्या.

मी हात जोडले. "दाबून टाका त्यांना साहेब. सगळ्यांना."

त्यांनी औषध वाढवलं. पेशीच्या अंगावर मिळालेली बातमी आत गाभ्यापर्यंत पोचू न देणाऱ्या गोळ्या अक्का आधीच घेत होती, त्यात स्टेरॉइडची भर पडली. तिचा चेहरा सुजून गोल झाला. कातडी सालीसारखी निघाली आणि खालून गुलाबी नवी आली. जुलाब थांबले. आम्ही घरी आलो. अम्माने दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि दारावरची वाळलेली डहाळी काढली. गेली एकदाची, म्हणाली. अक्काने आरशात बघून विचारलं, "माझ्या थोबाडाचा हा भोपळा कुणी केला? अम्मवारूने की डॉक्टरने?" अम्माने तिच्या पाठीत हलकी चापट मारली.

मला वाटलं, संपलं.

पुढे गोळ्या हळूहळू कमी होत गेल्या. मग एका तपासणीत दिसलं की अक्काच्या रक्तात तिचं स्वतःचं जुनं रक्त पुन्हा उगवायला लागलं आहे. माझं कमी होतंय, तिचं वाढतंय. ज्या रक्तात रोग होता ते. राहिलेल्या गोळ्या पूर्ण बंद केल्या, तरी फरक पडला नाही. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

त्यांनी सांगितलं की माझ्या ज्या पेशी अक्काच्या कातडीवर उलटल्या होत्या, त्याच जातीच्या पेशी तिच्या मज्जेत लपलेल्या रोगालाही शोधून मारत असतात. दोन वेगळ्या टोळ्या नाहीत. कातडी वाचवायला आपण त्यांना दाबलं, तेव्हा दुसरीकडेही त्या दबल्या असणार. दाबणं भागच होतं, नाहीतर तेव्हाच जीव गेला असता. पण आता त्या पेशी पुन्हा हव्या आहेत. भावाच्या रक्तातून त्या काढायच्या आणि तिला द्यायच्या. आधी थोड्या, मग बघत बघत.

"पुन्हा पुरळ येईल?" मी विचारलं.

"येऊ शकतं. जास्तही येऊ शकतं. खरं सांगायचं तर थोडं आलं तर मला वाईट वाटणार नाही. त्या जाग्या झाल्याची ती खूण असते."

मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

अक्काने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी टेबलावरचा पेन उचलून परत ठेवला. त्या खोलीत विचार करायचा होता तो तिने करायचा होता, आणि तिचा झाला होता. मीच वेळ मागत होतो.

त्यानंतरच्या आठवड्यात मी अक्काला टाळलं. एकाच घरात राहून हे करायला कसब लागतं. कारखान्यात नसलेली कामं काढली. पुण्याला जायचं ठरवण्यासाठी दवाखान्यातून फोन येणार होता त्या दिवशी मंद्रूपचा आठवडी बाजार होता. खोट असलेले टॉवेल, ज्यांना आम्ही सेकंड म्हणतो, ते तिथली एक मावशी घेते. नेहमी माझा कामगार नेऊन देतो. त्या दिवशी मी स्वतः गठ्ठा गाडीत टाकला आणि निघालो.

मावशी मला बघून हसली. "आज मालक सोता? कामगार पळून गेला व्हय?"

"नाही, म्हटलं आपणच यावं."

"आन तोंड का आसं? बायकूनं हाकललं की काय?" तिने गठ्ठा सोडला, एक टॉवेल उन्हात धरला. "ह्यात तर काय बी खोट न्हाय की वो. चांगला माल सेकंडमधी आणलाव?"

तिने दुसरा उघडला, तिसरा उघडला. घाईत मी चेकिंगच्या टेबलावरचा चुकीचा गठ्ठा उचलून आणला होता. पुणे-मुंबईला जायचा माल. मी तो परत बांधत होतो, तेवढ्यात अक्काचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"मंद्रूपला."

"तिथे काय करतोयस?"

"टॉवेल आणले होते. चुकून चांगलेच आणले."

पलीकडे ती थोडा वेळ हसत राहिली. स्टेरॉइडनंतर तिचं हसणं धापेचं झालं होतं. मग म्हणाली, "तम्मुडू, दवाखान्यातून फोन आला होता. मी गुरुवार सांगितलाय. तुझ्या वतीने. आता मी बोलते ते ऐक. तुला वाटतं तू मला मारशील."

मी गठ्ठ्याची गाठ आवळली. मावशी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती.

"त्या वेळी उशीर झाला ना, तो तुझ्यामुळे झाला असं तू धरून बसलायस. अरे, मला काय कळत नव्हतं? शाळेत आयुष्य गेलं माझं. मला पुण्याला परत जायचं नव्हतं. अम्माच्या हातचा गार भात खाऊन आपल्या अंथरुणात पडायचं होतं. म्हणून मीही देवी देवी म्हटलं. तुझ्या एकट्याच्या नावावर काय म्हणून लावतोस?"

"अक्का, पण त्या माझ्या पेशी..."

"माझ्या आहेत त्या आता. दिल्यास ना? दिलेल्या वस्तूवर किती दिवस नाव टाकून बसणार? भांड्यावर नाव घालतात, तसं? लाज नाही वाटत? आणि नाही दिल्यास तर मी मरणार आहे, हे तर नक्की आहे. त्या टॉवेलवालीला नमस्कार सांग आणि घरी ये."

मी आलो.

गुरुवारी पुन्हा ते यंत्र. या वेळी आधी इंजेक्शनं नव्हती, फक्त रक्त फिरवून त्यातल्या पेशी वेगळ्या केल्या. सुई दंडात असेपर्यंत हलता येत नव्हतं. तेवढा वेळ मी पायाची बोटं हलवत राहिलो. नर्स म्हणाली, "काका, आहे ना बरं?" अक्काला दिलेला पहिला भाग फारच थोडा होता, सिरिंजच्या तळाशी ढगाळ पाणी. मी एवढ्याशा पाण्याला घाबरत होतो.

मग वाट बघणं सुरू झालं. कधी नव्हे ते आम्ही सगळे पुरळ यायची वाट बघत होतो आणि ते यायला नको म्हणतही होतो. रोज सकाळी अक्का खिडकीशी बसून तळहात उघडायची. मी चहाचा कप घेऊन यायचो आणि बघायचो. काही नाही. अम्मा कानामागे बघायची. काही नाही. मी खाली जायचो, चेकिंगच्या टेबलाशी उभा राहायचो, बोटं कापडावरून फिरवायचो, परत वर यायचो. आठवडे गेले. काहीच होत नाही म्हणून मला झोप लागेना. या पेशी एकदा धावल्या तेव्हा मी त्यांना शिव्या दिल्या होत्या, आता त्या स्वस्थ पडल्या म्हणून देत होतो.

एका सकाळी तळहात लालसर होता. जेमतेम, मेंदी उतरत आल्यासारखा. कानामागेही थोडा.

अम्मा उठली. मला वाटलं कडुलिंब आणायला निघाली. ती कोपऱ्यातून माझा फोन घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. "आधी लाव," म्हणाली. मी पुण्याला बोलत असताना तिने डहाळी आणली आणि दारावर टांगली.

डॉक्टरांनी लावायला मलम सांगितलं. गोळी लगेच नको, पोटाकडे लक्ष ठेवा, रोज फोन करा, म्हणाले. मग तपासणी झाली. माझं रक्त पुन्हा वाढत होतं, तिचं जुनं मागे हटत होतं. संपलं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, आत्ता बरोबर दिशेने चाललंय एवढंच सांगतो.

घरी हे सांगितल्यावर अम्मा दहीभात कालवायला उठली. पुरळ फिकं झालं होतं, तिच्या हिशेबाने निरोपाची वेळ झाली होती. अक्का भिंतीला टेकून बसली होती, मानेला मलम लावत.

"अम्मा, एवढ्यात नको."

"का गं?"

"पूर्ण नको घालवूस तिला. आत येऊ देऊ नकोस, पण घालवूही नकोस. उंबऱ्यावर बसू दे थोडे दिवस. काम आहे तिचं."

अम्माने माझ्याकडे पाहिलं, असं कधी असतं का, या अर्थाने. पाहुणा एकतर घरात असतो नाहीतर गेलेला असतो. शेवटी तिने दहीभाताचं भांडं झाकलं आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवून दिलं. ना दाखवलं, ना उचललं.

माझी येरझार अजून थांबलेली नाही. पण आता मी खाली निघालो की अक्का मला हाक मारून तळहात पुढे करते. मी त्यावर हलकेच बोटं फिरवतो. लाली कुठे थांबली आहे ते बघतो. ती विचारते, "काय म्हणतायत माझ्या पेशी?"

"बसल्यात," मी म्हणतो.

"मग तूही बस की दोन मिनिटं," ती म्हणते, आणि मी बसतो.